टॅब आधी कुणाच्या हातात द्यायचा?

शाळेत टॅब येणार म्हटलं की पहिला हिशोब ठरलेला, किती मुलांमागे किती टॅब. बाई ते वापरणार कसे हे फारसं कुणी विचारत नाही, एक दिवसाचं ट्रेनिंग, चहा-बिस्किटं, पासवर्डची चिठ्ठी की झालं. पण यावर जगात जे मोठे प्रयोग झालेत ते बघितले ना, तर निकाल नेमका इथेच फिरलेला दिसतो.

पेरू देशात सरकारने गावाकडच्या प्राथमिक शाळांत मुलांना छोटे हिरवे-पांढरे एक्सओ लॅपटॉप वाटले, हेच लॅपटॉप २००७ मध्ये आपल्याकडे कर्जतजवळच्या एका शाळेतही आले होते. पेरूतल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला. एका मुलामागे कॉम्प्युटरचं प्रमाण ०.१२ वरून १.१८ झालं, म्हणजे मुलं कमी आणि मशीन जास्त! मुलं कॉम्प्युटर वापरायला मस्त शिकली, कोडी सोडवायच्या चाचणीत थोडी पुढेही गेली, पण गणितात आणि भाषेत मात्र काहीच फरक नाही. आधीचाच तास, आधीचाच फळा, फक्त बाकावर एक नवीन वस्तू.

याहून बोलका प्रयोग पाकिस्तानातल्या पंजाबमधला आहे, तिथली मुलं जरा मोठी, सहावी ते आठवीची. काही शाळांत गणित-विज्ञानाचे छोटे व्हिडिओ शिक्षकांना दिले, त्यांनी ते वर्गात दाखवायचे, मधे थांबवायचे, समजवायचे. चार महिन्यांत मुलांचे मार्क ०.३ स्टँडर्ड डेव्हिएशनने (मुलामुलांच्या मार्कांत किती फरक असतो त्यावरून ठरणारं एक माप) वाढले, म्हणजे ज्यांना हे मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा साधारण ६० टक्के जास्त शिकणं झालं. दुसऱ्या प्रयोगात जवळपास तोच मजकूर थेट मुलांच्या टॅबमध्ये टाकला, आणि मार्क त्याच मापात ०.४ ने चक्क घसरले. नुसता फायदा झाला नाही असं नाही, तोटा झाला.

असं का होत असेल? एक कारण तर कुठल्याही पालकाने घरी बघितलेलं असतं. ॲपमध्ये चार पर्याय असले की पोरगं अ दाबतं, चुकलं की ब, मग क, शेवटी हिरवी टिक येतेच आणि स्टार पण मिळतो. संशोधक याला 'गेमिंग द सिस्टीम' म्हणतात, आणि अशी मुलं कमी शिकतात हेही त्यांना दिसलंय. स्क्रीनला उत्तर बरोबर आलं एवढंच कळतं. ते कसं आलं हे विचारायला माणूस लागतो, बाजूला येऊन "हे तू कसं काढलंस गं?" म्हणणारा. पहिली-दुसरीत तर हे फारच, कारण ४२ मधून १७ वजा करताना मूल हातचा विसरलं, का सरळ मोठ्यातून छोटा आकडा वजा करून मोकळं झालं हे त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय कळत नाही (दोन्ही प्रकारांत उत्तर ३५च येतं, करून बघा).

म्हणजे बाईंचं काम कमी होत नाही, बदलतं. कुठला भाग टॅबवर आणि कुठला मणी-काड्यांवर हे ठरवायचं, दोघांत एक टॅब देऊन त्यांना आपापसात भांडू द्यायचं, म्हणजे बोलू द्यायचं, आणि मुख्य म्हणजे "आता टॅब पालथे ठेवा" हे कधी म्हणायचं ते ओळखायचं. माझ्या मते हे शेवटचं सगळ्यात अवघड, आणि ट्रेनिंगमध्ये याबद्दल एक शब्द नसतो.

केनियात किसुमु भागात प्राथमिक शाळांसाठी तीन प्रकार ताडून बघितले: मुलांना ई-रीडर, शिक्षकांना टॅबलेट, किंवा शिक्षकांना मदत करायला शाळाशाळांत फिरणाऱ्या लोकांना टॅबलेट, म्हणजे आपल्याकडचे केंद्रप्रमुख म्हणा ना. सोबत चांगली पुस्तकं आणि शिक्षकांचं ट्रेनिंग तिन्हीकडे होतं. वाचन तिन्हीकडे सुधारलं, पण नुसती पुस्तकं आणि ट्रेनिंग दिलेल्या शाळांपेक्षा फार पुढे कुणीच गेलं नाही, आणि खर्चाच्या हिशोबात या तिघांत सगळ्यात परवडला तो तिसरा प्रकार. नंतर तुसोमे नावाच्या कार्यक्रमात देशभरच्या अशा अधिकाऱ्यांना टॅबलेट दिले. ते वर्गात मागे बसून तास बघायचे, दोन-चार मुलांचं वाचन ऐकायचे, लगेच शिक्षकाशी बोलायचे, आणि भेट खरंच झाली का हे जीपीएसवर दिसायचं, प्रवासभत्ताही त्यावरच. आपले केंद्रप्रमुख सध्या मोबाईलवर बहुतेक माहितीचे तक्ते भरून पाठवत असतात, तोही टॅबच झाला म्हणा एक प्रकारे.