चिठ्ठीवरच्या शब्दाचा अर्थ: जुनी टेस्ट उपकरणे घेणाऱ्यांसाठी

आमच्याकडच्या प्रत्येक वापरलेल्या उपकरणाला चिठ्ठी बांधलेली असते. तिच्यावर तीनपैकी एक शब्द असतो.

'चालू' म्हणजे वीज दिली, पडदा उजळला, बटणे चालली. एवढेच.

'तपासलेले' म्हणजे आम्हाला माहीत असलेले व्होल्टेज, रेझिस्टन्स आणि फ्रिक्वेन्सी देऊन पाहिली आणि रीडिंग उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत आले. याला कॅलिब्रेशन (प्रमाणित मापाशी ताडून रीडिंगमधली चूक नोंदवणे किंवा सुधारणे) म्हणत नाहीत, आम्हीही म्हणणार नाही. ते प्रमाणपत्र प्रयोगशाळेचे काम. छंदासाठी ते क्वचितच लागते.

'सुट्या भागांसाठी' घेतलेला नग चालू झाला, तर ते श्रेय तुमचे.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती एका छोट्या सेलबद्दल. एचपीचा 3478ए हा साडेपाच अंकी मल्टिमीटर आजही हवाहवासा आहे, पण त्याचे कॅलिब्रेशनचे आकडे लिथियम सेलवर टिकणाऱ्या मेमरीत असतात. सेल संपला की आकडे पुसले जातात. मीटर सुरू होतो, पण त्याच्या रीडिंगवर विसंबता येत नाही. म्हणून आम्ही आधी ते आकडे वाचून जपून ठेवतो, मगच सेल बदलतो आणि तारीख चिठ्ठीच्या मागे लिहितो. मागची बाजू कोरी दिसली तर जरूर विचारा.

(एचपीचा उपकरण विभाग 1999 मध्ये अ‍ॅजिलेंट झाला, 2014 मध्ये कीसाइट. मॅन्युअल एका नावाखाली सापडले नाही तर दुसऱ्या नावाखाली शोधा.)

स्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, घेताना बँडविड्थच्या (किती फ्रिक्वेन्सीपर्यंत तो चालतो त्या) आकड्याला भुलू नका. 100 मेगाहर्ट्झच्या स्कोपवर 100 मेगाहर्ट्झची साइन लहर जवळजवळ 30 टक्के बुटकी दिसते. ऑडिओच्या कामाला 20 मेगाहर्ट्झसुद्धा भरपूर. 1972 साली आलेला टेक्ट्रॉनिक्स 465 आवर्ती लहरी आजही सुरेख दाखवतो. मात्र एकदाच येऊन जाणारा पल्स पकडून ठेवायचा असेल तर डिजिटल स्टोरेजचाच स्कोप घ्या, ॲनालॉगच्या प्रेमात पडू नका.

घरी नेल्यावर प्लग लावण्याआधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहा. 115 वर असलेल्या उपकरणाला 230 व्होल्ट दिले की आमचाही इलाज चालत नाही. पहिला तासभर उपकरणाजवळ थांबा. मेन्स फिल्टरमधले जुने कागदी कपॅसिटर, विशेषतः रिफाचे, तडे जाऊन ओल धरतात आणि अचानक उग्र वासाचा धूर सोडतात. तसे झाले तर प्लग काढा, आम्हाला कळवा. बहुतेक वेळा कपॅसिटर बदलून भागते.

प्रोबची (स्कोपच्या मोजणीच्या वायरची) ग्राउंड क्लिप स्कोपच्या आतून अर्थिंगला जोडलेली असते. ती मेन्सच्या फेजला लावली तर थेट शॉर्ट. त्यावर उपाय म्हणून स्कोपची अर्थ पिन तोडणारे आम्ही पाहिले आहेत. तसा स्कोप आम्ही दुरुस्तीलाही घेत नाही.

'तपासलेले' नग 30 दिवसांत परत घेतो. झाकण उघडले म्हणून हमी जात नाही. फक्त पिक्चर ट्यूबच्या स्कोपमध्ये वीज बंद केल्यावरही हजारो व्होल्ट साठून राहू शकतात. ते उतरवण्याची पद्धत ठाऊक नसेल तर आधी विचारून घ्या.