खोरा चर्चच्या भिंतीतली लपलेली वीट

२०२४ च्या मे महिन्यात इस्तंबूलची करिये मशीद नमाजासाठी खुली झाली आणि आतल्या मोझाइकचे फोटो सगळीकडे फिरले. मुळात हे खोरा मठाचे चर्च. मोझाइक अप्रतिम आहेतच, पण बांधकामाचा इतिहास वाचायचा तर बाहेर येऊन भिंतीजवळ उभे राहावे.

१०७७ ते १०८१ च्या सुमारास बायझंटाइन (पूर्व रोमन) सम्राट अलेक्सिओसची सासू मारिया दुकेना हिने इथे चर्च उभारले. जागा उताराची. पूर्वेकडचा भाग खचला असावा, कारण चाळीसेक वर्षांतच तिचा नातू इसाक कोम्निनोस याला मोठी पुनर्बांधणी करावी लागली. त्याने चार कोपऱ्यांत भक्कम खांब घेऊन त्यांवर घुमट बसवला.

या दोन्ही कामांत एक खास पद्धत दिसते. विटांचा एक थर भिंतीच्या तोंडाशी, पुढचा थर किंचित आत, आणि आतल्या थरावर चुन्याचे लिंपण. बाहेरून वाटते की दोन विटांमधली दरज विटेपेक्षाही जाड आहे. प्रत्यक्षात त्या दरजेच्या आड एक अख्खी वीट असते. कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे त्या काळच्या इस्तंबूलमध्ये, ही रीत अकराव्या-बाराव्या शतकात जोरात होती, त्यामुळे शिलालेख नसला तरी भिंतीचा काळ ठरवायला तिचा मोठा आधार मिळतो.

त्या चुन्यात विटांचा चुरा, म्हणजे आपली सुरखी, मिसळलेली असे. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून जाड भिंतीच्या पोटात तो फार काळ ओलाच राहतो. भाजलेल्या मातीतले सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मात्र पाण्याच्या सान्निध्यात चुन्याशी थेट संयोग पावतात आणि कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटसारखी संयुगे तयार होतात. सिमेंटलाही बळ मिळते ते याच जातीच्या संयुगांमुळे. ही क्रिया संथ असते. त्यामुळे इमारत बसत असताना सांधे थोडे सरकतात, लगेच तडकत नाहीत.

अशा मसाल्याला ‘प्राचीनांचे हरवलेले तंत्रज्ञान’ म्हणणारे संदेश फिरतात. त्यात तथ्य नाही. सुरखी आपल्या गवंड्यांनाही ठाऊक होती, आणि खचणाऱ्या जमिनीपुढे ती एकटी पुरत नाही. चौदाव्या शतकात, १३१५ ते १३२१ च्या सुमारास, थिओडोर मेटोकाइटिस या बायझंटाइन मंत्र्याने चर्चचा कायापालट केला. पश्चिमेला ओवऱ्या आणि दक्षिणेला दफनासाठी लांबट प्रार्थनागृह वाढवले, मोझाइक करवून घेतले. पूर्वेच्या अर्धवर्तुळाकार भिंतीला तर बाहेरून कमानीचा टेकू द्यावा लागला. तो अजून उभा आहे. मेटोकाइटिसच्या काळातला मुख्य घुमट मात्र पुढे कोसळला. आज दिसतो तो उस्मानी काळातला, लाकडाचा आणि गिलाव्याचा.