तक्रार मांडणे आणि तक्रार दाखल करणे

बंद पडलेल्या वॉशिंग मशीनसाठी कंपनीचा ग्राहकसेवा क्रमांक गूगलवर शोधू लागलेला माणूस बऱ्याचदा एखाद्या खासगी तक्रार संकेतस्थळावर जाऊन पोहोचतो. तिथे कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि तक्रारीचा अर्ज असतो; अर्ज भरला की क्रमांकही मिळतो, आणि आपली तक्रार ‘दाखल’ झाली, असा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती केवळ चारचौघांत मांडली गेलेली असते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन वरवर पाहता हेच काम करते. १९१५ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, तक्रार कंपनीकडे पाठवली जाते आणि तिचे पुढे काय झाले हे ग्राहकाला पाहता येते. मात्र कंपनीला आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनलाही नाही. तो ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक आयोगांना आहे. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते आणि ५ लाखांपर्यंत शुल्कही पडत नाही. सर्वसाधारणपणे तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तिथे जावे लागते, आणि हेल्पलाइनचा किंवा खासगी संकेतस्थळाचा क्रमांक हाती आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. हेल्पलाइन निदान पुढची पायरी आयोगाची आहे, हे सांगते. खासगी संकेतस्थळाने ते सांगितले नाही, तर वाट पाहण्यात गेलेल्या महिन्यांची काही नैतिक जबाबदारी त्याच्यावर येते, असे मला वाटते.

दुसरा फरक माहितीच्या उघडेपणाचा. आमच्या शेजाऱ्यांनी अशा एका संकेतस्थळावर ‘मशीन फिरत नाही आणि मेकॅनिक फिरकत नाही’ असे लिहून खाली आपला मोबाइल क्रमांक दिला. दोन तासांत फोन आला. बोलणाऱ्याला मशीनचे मॉडेल ठाऊक होते (ते मजकुरातच होते), त्यामुळे तो कंपनीचाच माणूस वाटला. त्याने ५ रुपये नोंदणी शुल्क भरायला आणि मोबाइलचा स्क्रीन त्याला दिसेल असे एक ॲप उतरवून घ्यायला सांगितले, तेव्हा कुठे शेजाऱ्यांना शंका आली आणि त्यांनी फोन ठेवला. पैसे गेले असते तर ताबडतोब १९३० हा सायबर हेल्पलाइनचा क्रमांक फिरवावा लागला असता. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे केलेली तक्रार अशी चव्हाट्यावर टांगलेली नसते.

याचा अर्थ खासगी व्यासपीठे निरुपयोगी आहेत, असा नाही. एकाच मॉडेलचा तोच दोष पन्नास जणांनी लिहिलेला दिसला, तर एकट्या ग्राहकाला बळ येते, आणि हा लाभ सरकारी यंत्रणेतल्या बंदिस्त नोंदींतून मिळत नाही. पण पैसे घेऊन तक्रार काढून टाकणे किंवा ‘निवारण झाले’ असा शिक्का विकणे सुरू झाले, की त्या पन्नास नोंदींवरही विश्वास ठेवता येत नाही.

लिहिणाऱ्याचेही काही कर्तव्य असतेच. शेजाऱ्यांनी रागाच्या भरात मेकॅनिकचे पूर्ण नाव लिहिले होते. पुढे कळले की सुटा भागच कंपनीकडून आला नव्हता. मशीन महिन्याभरात दुरुस्त झाले. त्या संकेतस्थळावर मजकूर मागे घेण्याची सोय नसल्याने मेकॅनिकचे नाव मात्र अजून तिथेच आहे.