चिठ्ठीतला प्रश्न कोण निवडतं?

विज्ञान कादंबरीकार वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बसला की ठाण्यात श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांतून वाचला जाणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: हे खरंच होऊ शकतं का? पात्रांबद्दल, भाषेबद्दल, शेवट असाच का केला याबद्दल कोणी विचारलंच तर ते अगदी शेवटी, संयोजक घड्याळाकडे बघायला लागल्यावर. सामाजिक कादंबरी लिहिणाऱ्याकडे असा पुरावा कोणी मागत नाही. कादंबरीकार वैतागतात, काही जण तसं बोलूनही दाखवतात. पण ही सवय वाचकांनी आपल्या मनाने लावून घेतलेली नाही. मराठी विज्ञानकथा ज्या घरात वाढली, त्या घरची ती रीत आहे.

फार मागचं थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच चंद्रप्रवासाची फ्रेंच कादंबरी मराठी मासिकातून क्रमशः वाचायला मिळाली. पुढे रूपांतरं आली, मुलांसाठीच्या साहसकथा आल्या, अद्भुत आणि गूढ कथांना वाहिलेलं मासिकही निघालं. या सगळ्यात लेखक वाचकासमोर फारसा आला नाही.

तो आला सत्तरच्या दशकात. मराठीतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्यासाठी 1966 साली मुंबईत एक संस्था निघाली आणि तिने विज्ञानकथांच्या स्पर्धा घ्यायला सुरुवात केली. 1974 च्या स्पर्धेत कृष्णविवरावरची एक कथा पहिली आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. नाव अर्थात टोपण, जयंत विष्णू नारळीकर या खऱ्या नावाची आद्याक्षरं उलट्या क्रमाने लावून तयार केलेलं. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथा पत्नीच्या हस्ताक्षरात पाठवलेली. एव्हाना जगभर माहीत झालेल्या या खगोलशास्त्रज्ञाला आपल्या नावाकडे बघून निकाल लागायला नको होता. निकाल लागला आणि पुढे भलतंच झालं. परीक्षकांपासून लपवलेला शास्त्रज्ञ वाचकांच्या मनात कथेच्या पुढे जाऊन बसला, आणि विज्ञानकथा लिहिणारा म्हणजे विज्ञानातलं कळणारा अधिकारी माणूस हे समीकरण पक्कं झालं. मागून आलेल्यांत इंजिनिअर होते, संशोधक होते, विज्ञान मासिकांचे संपादक होते, त्यामुळे ते मोडण्याचं कारणही पडलं नाही.

त्याच लेखकाची दुसरी एक गोष्ट सर्वांना माहीत आहे. व्याख्यान संपल्यावर मुलं सहीसाठी गराडा घालायची, तेव्हा तो सांगायचा की पोस्टकार्डावर एक प्रश्न विचारून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. प्रश्न यायचे आणि उत्तरंही जायची. ही पद्धत लोभस होती यात वाद नाही. पण वाचकाने विज्ञानातलं विचारायचं आणि लेखकाने शंका फेडायची, हा करारही तिथेच झाला. त्या कार्डांवर वाढलेली मुलं आता पन्नाशीत आहेत आणि सभागृहात पुढच्या रांगेत बसतात.

शिवाय ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना श्रोते कोण, हेही बघावं लागतं. 1973 साली वाशीचा पहिला खाडीपूल झाला. पलीकडे ट्रॉम्बेला अणुसंशोधन, अलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे कारखाने. तिथे नोकरी करणारे नवी मुंबईत आणि ठाण्यात घरं घेऊन राहिले. 1992 साली मुंबईहून वाशीपर्यंत लोकल आली, 2004 साली ठाणे-वाशी मार्ग सुरू झाला आणि ऐरोली-महापे पट्ट्यात संगणकवाले आले. अशा श्रोत्यांपुढे अंतराळयानाचं इंधन ढोबळमानाने सांगून चालत नाही. आयुष्यभर व्हॉल्व्ह आणि दाबमापक सांभाळलेला निवृत्त माणूस उठतो आणि तुमच्या यानातली टाकी फुटेल म्हणून सांगतो. त्याचं बरोबरही असतं.

आता चिठ्ठीकडे येऊ, कारण ठाण्यातला खरा वाद तिच्यावरून आहे. व्याख्यानमालांची इथली जुनी शिस्त अशी: प्रश्न कागदावर लिहायचा, स्वयंसेवक ते गोळा करणार, अध्यक्ष किंवा निवेदक त्यातले निवडून वाचणार. यामागची कारणं खोटी नाहीत. माईक हातात आला की प्रश्नाआधी दहा मिनिटं स्वतःचं मत ऐकवणारे आपल्याला चांगले ठाऊक आहेत. चार लोकांत उभं राहून बोलायला बिचकणारी शाळकरी मुलगी चिठ्ठी मात्र बिनदिक्कत लिहिते. नाव न घालता अवघड प्रश्नही विचारता येतो. राजकीय व्याख्यानांना तर चिठ्ठीशिवाय निभाव लागला नसता.

पण कादंबरीकाराच्या बाबतीत ही चाळणी एकाच बाजूने चालते. निवेदक बहुतेकदा विज्ञानाचा शिक्षक किंवा विज्ञानप्रसारातला कार्यकर्ता. त्याच्या हातात चाळीस चिठ्ठ्या आणि वेळ अर्धा तास. 'प्रकाशापेक्षा जास्त वेगाने जाता येईल का' ही चिठ्ठी त्याला प्रश्न वाटते, आणि 'तुमच्या कादंबऱ्यांतल्या बायका प्रयोगशाळेत चहाच का आणतात' ही खोडी. पहिली वाचली जाते, दुसरी गठ्ठ्यात खाली सरकते. तिसरी सारख्या आशयाची म्हणून चौथीत मिसळली जाते आणि मिसळताना तिची धार जाते. एवढं झाल्यावर वाचकांना साहित्यात रसच नाही, असा निष्कर्ष निघतो. न वाचलेल्या चिठ्ठ्या लेखकाच्या हाती द्याव्यात एवढी साधी मागणीही काही ठिकाणी अवाजवी ठरवली गेली. शिस्तीच्या बाजूने बोलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं होतं. ते त्यांनी कार्यक्रम वेळेत संपतात, असं दिलं.

2020 च्या टाळेबंदीत कार्यक्रम ऑनलाइन गेले आणि निवेदकाची पकड सुटली. पडद्याच्या कडेला येणारा प्रत्येक प्रश्न सगळ्यांना दिसायला लागला, त्यामुळे कुठला वगळला हेही. पात्रांचे, जातीचे, कादंबरीतलं भविष्य नेहमी परदेशातच का घडतं याचे प्रश्न तिथे उघड्यावर आले. लेखकांनीही त्यांना आनंदाने उत्तरं दिली. सभागृहं पुन्हा उघडल्यावर चिठ्ठ्या परतल्या खऱ्या, पण सोबत व्हॉट्सअॅप क्रमांक आला: प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. म्हणजे चाळणी घरी बसून, निवांत.

मधल्या काळात वरची फळीही हलली. 2021 च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्या पोस्टकार्डवाल्या लेखकाकडे गेलं. विज्ञानकथा साहित्यात धरायची की नाही हा प्रश्न निदान मांडवापुरता तरी मिटला. प्रकृतीमुळे अध्यक्ष स्वतः येऊ शकले नाहीत आणि चर्चा साहित्य सोडून त्या गैरहजेरीवर जास्त झाली. 20 मे 2025 रोजी त्यांचं निधन झालं.

2022 च्या अखेरीस संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता सर्वांच्या हाती आल्यापासून पहिल्या प्रश्नाला स्पर्धक मिळाला आहे: ही कादंबरी तुम्हीच लिहिली का? हा प्रश्न चिठ्ठीवर आला तर निवेदक तो अपमानकारक म्हणून बाजूला ठेवतो, माईकवर आला तर टाळ्या पडतात. काही संयोजकांनी म्हणून निम्मा वेळ चिठ्ठ्यांना आणि निम्मा माईकला द्यायला सुरुवात केली आहे. पहिला निम्मा कोणाचा, यावर अजून एकमत नाही.