बुरशीच्या तपासणीसाठी फुप्फुसातील नमुना आणताना: मधुमेही रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहिती

मधुमेही रुग्णाचा ताप आणि खोकला प्रतिजैविके देऊनही हटत नाही व बेडक्यात क्षयाचे जंतूही सापडत नाहीत, तेव्हा डॉक्टर सीटी स्कॅन पाहून दुर्बिणीद्वारे फुप्फुसातला तुकडा काढतात आणि बुरशीच्या तपासणीसाठी परळच्या आमच्या प्रयोगशाळेत पाठवतात. तो बहुधा नातेवाईकच घेऊन येतात, आणि वारंवार असे होते की सगळा तुकडा फॉर्मेलिनच्या (तुकडा कुजू न देणाऱ्या रसायनाच्या) एकाच बाटलीत घातलेला असतो.

फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते. अशा तुकड्याचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतात, पण त्याचे कल्चर (बुरशी वाढवून ओळखण्याची तपासणी) होत नाही, म्हणून तो आम्ही कल्चरसाठी स्वीकारत नाही. दुर्बीण पुन्हा घालावी लागली तर त्रास रुग्णालाच होतो. यासाठी तुकड्याचा एक भाग फॉर्मेलिनमध्ये आणि दुसरा निर्जंतुक बाटलीत थोड्या नॉर्मल सलाईनमध्ये ठेवण्याची विनंती डॉक्टरांना आधीच करावी. सलाईनची बाटली बर्फात वा फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण म्युकर या बुरशीचे (लोक हिला ‘काळी बुरशी’ म्हणतात) तंतू नाजूक असतात. ती शक्यतो दोन तासांत आमच्याकडे पोहोचवावी.

रक्तातील गॅलॅक्टोमॅनन (बुरशीच्या पेशीभित्तिकेतील एक घटक) शोधणारी तपासणी निगेटिव्ह असताना हा खर्च कशाला, असे पुष्कळजण विचारतात. ती तपासणी मुख्यतः अस्परजिलस या दुसऱ्या बुरशीसाठी आहे. म्युकर तिच्यात सापडत नाही. साखर फार वाढलेल्या, विशेषतः रक्तात कीटोन (शरीर चरबी जाळते तेव्हा तयार होणारे पदार्थ) साचलेल्या रुग्णांत म्युकरचा धोका मोठा असतो, हे 2021 साली आपण सर्वांनी पाहिले आहे. अस्परजिलसवर सहसा व्होरिकोनॅझोल देतात. म्युकरवर ते चालत नाही, तिथे लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन बी लागते, मूत्रपिंडे व पोटॅशियम यांवर लक्ष ठेवावे लागते आणि कधी फुप्फुसाचा बाधित भाग शस्त्रक्रियेने काढावा लागतो. साखर आटोक्यात आणणे दोन्हींत अत्यावश्यक असते.

केओएच तपासणीचा (तुकडा पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याचा) निष्कर्ष आम्ही त्याच दिवशी डॉक्टरांना फोनवर कळवतो, म्हणजे उपचार खोळंबत नाहीत. कल्चरमध्ये बुरशी बरेचदा काही दिवसांतच दिसते, तरी निगेटिव्ह म्हणण्यापूर्वी आम्ही तीन आठवडे थांबतो. घाईने दिलेला अहवाल आम्हाला मान्य नाही.

दुर्बीण तपासणीची तारीख ठरली की आदल्या दिवशी येऊन लेबल लावलेल्या दोन्ही बाटल्या विनामूल्य घेऊन जाव्यात. नमुना आणताना अलीकडची साखर, घेतलेली स्टेरॉइड्स आणि बुरशीवरील औषध आधीच सुरू केले असल्यास त्याचे नाव डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून आणावे.