सरोदची पेटी झाली तेव्हा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी नानाकाकांच्या कानाबद्दल कुणी शंका घेत नाही. उभी हयात ग्वाल्हेरात गेली, शिवाय पेटी वाजवतात. म्हणून मुद्दाम त्यांनाच गाठलं. सरोदच्या एका ‘दा’चं, म्हणजे तारेवरच्या एकाच आघाताचं, रेकॉर्डिंग होतं. करवंटीचा जवा, म्हणजे तार छेडायचा तुकडा, तारेवर आपटतो तो सुरुवातीचा इवलासा तुकडा मी कॉम्प्युटरवर कापला आणि विझत जाणारा सूर वाढवत वाढवत एका पातळीवर आणला.

“नाना, ओळखा.”

“पेटी आहे की रे. भाता मात्र गळतोय.”

1948 मध्ये पॅरिसला संगीतकार पिएर शेफर यांनी घंटेवर हाच प्रयोग केला होता. टोला वगळला तर घंटा घंटा राहिली नाही, फुंकवाद्यासारखी वाजली. वाद्य ओळखायला कानाला स्वर पुरत नाही. तो उठला कसा, विझला कसा, हेही लागतं.

सिंथेसायझर या इलेक्ट्रॉनिक वाद्यातला सूर काढणारा भाग, ऑसिलेटर, मात्र वीज असेतो एकसारखा भोंगा वाजवतो. त्याला उठणं-विझणं देतो तो एन्व्हलप. हा स्वतः वाजत नाही. पट्टी दाबली की याचा व्होल्टेज चढतो-उतरतो आणि ॲम्प्लिफायर त्याच्या तालावर आवाज कमी-जास्त करतो. नॉब चार: अटॅक म्हणजे चढायला लागणारा वेळ, डिके म्हणजे शिखरावरून खाली यायचा वेळ, रिलीज म्हणजे बोट उचलल्यावर विझायचा वेळ. सस्टेन मात्र वेळ नव्हे, पातळी; बोट दाबून ठेवलंय तोवर आवाज किती राहील ती. नवशिके हमखास इथेच फसतात, मीही फसलो होतो.

1964 मध्ये सिंथेसायझर बनवणारे बॉब मोग (मूग नव्हे!) यांनी त्याच्या पहिल्या जुळणीत स्वर सुरू करायला चक्क दारावरच्या बेलचं बटण लावलं होतं. चार टप्प्यांची मागणी पुढल्या वर्षी संगीतकार व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी केली.

एन्व्हलपच्या आतली करामत साधी आहे: रोधातून (विजेला अडवणाऱ्या भागातून) भरणारा कपॅसिटर, म्हणजे विजेची छोटी टाकी. 1 मेगाओम आणि 1 मायक्रोफॅरड घेतले, तर 1 सेकंदात तो 63 टक्के भरतो, उरलेला रेंगाळत. रिकामा होतानाही तसंच, आधी झरझर, मग हळूहळू. छेडलेली तारही साधारण अशीच विझते, म्हणून कानाला हे खोटं वाटत नाही.

सरोदसाठी मी अटॅक जवळपास शून्य, सस्टेन शून्य आणि डिके दोनेक सेकंद ठेवला. तरी आवाज प्लास्टिकचाच! तारेतले बारीक, चमकदार स्वरांश मूळ स्वराआधी मरतात. म्हणून दुसरा, जास्त चपळ एन्व्हलप हे स्वरांश गाळणाऱ्या फिल्टरला जोडला. टोला चमकला, शेपूट मऊ झाली. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र या चार नॉबांत बसत नाही. त्यासाठी डावा हातच हवा.

नानांनी स्वतः हात घातला तो रिलीजला, आणि नॉब पार टोकाला नेला. सा वाजवून बोट उचललं, रे लावला, ग लावला. तिघे एकमेकांत गुंतून घुमत बसले.

“दार लावून घेतलं तरी पाहुणे ओसरीवरच!” म्हणाले, आणि आपली पेटी पुढे ओढली.