पायऱ्या कुणी उडवल्या? नाशिकच्या एकदिवसीय गडभटकंतीची पार्श्वभूमी

पहाटे नाशिक सोडायचं आणि अंधार पडायच्या आत मिसळ खाऊन घरी परतायचं, या हिशेबात बसणाऱ्या किल्ल्यांची यादी आता जवळजवळ पक्की झाली आहे. हरिहर, रामशेज, अंजनेरी, ब्रह्मगिरी, अंकाई-टंकाई आणि हौस दांडगी असेल तर धोडप. जिल्ह्यात किल्ले पन्नासाच्या वर आहेत, तरी शनिवार-रविवारच्या गाड्या याच पायथ्यांना लागतात. इतिहासातलं महत्त्व पाहिलं तर या यादीत चांदवड हवा, राजदेहेर हवा, इंद्राई तर नक्कीच हवा. पण सामान्य माणूस, त्यातही मुलंबाळं घेऊन निघालेला, कुठे जाईल हे महत्त्वावरून ठरत नाही. माथ्यापर्यंत धड वाट शिल्लक आहे का, यावरून ते ठरतं. आणि वाट कुठे शिल्लक राहिली, याचं उत्तर बरंचसं १८१८ च्या उन्हाळ्यात आहे.

त्याआधीचा काळ मोठा आहे, पण इथे धावत्या नजरेने पाहिला तरी चालेल. कोकणातून आणि गुजरातेतून वर येणाऱ्या घाटवाटांवर नजर ठेवायला हे डोंगर तासले गेले. हरिहर आणि शेजारचा भास्करगड गोंडा घाटाच्या वाटेवर आहेत, ते याच कारणाने. अंजनेरीच्या पायथ्याला यादवकालीन देवळांचे अवशेष विखुरलेले आहेत. त्यातल्या एका जैन मंदिरात शके १०६३ चा शिलालेख आहे आणि त्यात देवळाला दुकानं दान दिल्याची नोंद आहे. गडावर धावत सुटणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे थांबतात. निजामशाहीच्या अखेरीस, १६३५-३६ च्या सुमारास, मोगलांनी चांदवडच्या रांगेतले किल्ले एकामागून एक घेतले. त्या मोहिमेची आठवण सांगणारे फारसी लेख इंद्राई आणि धोडपवर आजही आहेत. साल्हेरची १६७२ ची लढाई आणि रामशेजचा पाच वर्षांहून अधिक चाललेला वेढा शाळेपासून सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. धोडपला १७६८ मध्ये माधवराव पेशव्यांनी राघोबादादांना हरवलं, ही गोष्ट मात्र किल्ल्यावर जाऊन आलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसते.

आता १८१८. महिदपूरला इंग्रजांकडून झालेल्या पराभवानंतरच्या तहात होळकरांनी सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख सोडला, त्यात चांदवड गेलं. पेशव्यांचे किल्ले घ्यायला एप्रिलमध्ये इंग्रजी फौज या भागात उतरली. अंकाईने लढाई न करता दरवाजे उघडले. राजदेहेरने झुंज दिली आणि तो पडला. महिनाअखेरीस त्र्यंबकगड, म्हणजेच ब्रह्मगिरी, पडला, तशी आसपासच्या किल्लेदारांची हिंमत खचली आणि पाठोपाठ १७ किल्ले विनासायास हाती आले. हरिहर त्यातलाच एक. डोंगरी किल्ले असे पटापट पडले आणि मोसम नदीकाठच्या मालेगावच्या भुईकोटाने मात्र मे-जूनमध्ये महिनाभर दम काढला. आतल्या अरब शिबंदीने इंग्रजांची बरीच माणसं गारद केली. (त्या भुईकोटात आता शाळा भरते. १८१८ मध्ये जिल्ह्यात सर्वांत नेटाने लढलेला किल्ला बघायला कुणी मुद्दाम जात नाही, कारण तिथे चढायला काही नाही.)

किल्ले घेणं सोपं गेलं, पण त्यांचं करायचं काय, हा प्रश्न उरला. प्रत्येक माथ्यावर शिबंदी ठेवायची तर दाणा-गोटा, पगार, पाण्याच्या टाक्यांची देखभाल, सगळा खर्च कायमचा गळ्यात. मोकळे सोडायचे तर उद्या कुणीतरी बंडखोर पन्नास माणसं घेऊन वर जाऊन बसणार. यातून निघालेला स्वस्त उपाय म्हणजे वर जायची वाटच मोडायची. तटबंदी पाडत बसायची गरज नव्हती. कातळात कोरलेल्या पायऱ्यांचा मधला टप्पा सुरुंगाने उडवला की वरचा किल्ला आपोआप निकामी होतो. अलंग आणि मदन या किल्ल्यांवर हे अगदी जवळून दिसतं. खालून रेखीव कोरलेल्या पायऱ्या येतात, मग एकदम काही फूट नुसता उभा, खडबडीत कातळ, आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा तशाच पायऱ्या सुरू. मधला घास कुणीतरी मोजून काढल्यासारखा. आज तिथे दोर लावल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

वाद सुरू होतो तो यापुढे. ‘इंग्रजांनी पायऱ्या उडवल्या’ हे वाक्य आता जिल्ह्यातल्या प्रत्येक मोडक्या वाटेला चिकटवलं जातं. पायथ्याच्या फलकांवर ते असतं, गाइडच्या तोंडी असतं, रीलच्या खाली असतं. खरं पाहिलं तर सगळ्या पडझडीचा हिशेब एका सुरुंगात बसत नाही. हा निर्णय सगळीकडे सारख्या जोमाने राबवला गेला असता तर रामशेजची वाट इतकी सुखाची राहिली नसती आणि अंकाईचे दरवाजे उभे दिसले नसते. दोनशे वर्षांचा पाऊस, दरडी, वणवे, झाडांची मुळं, खाली घरं बांधायला नेलेले चिरे, यांचाही वाटा मोठा आहे. वरच्या-खालच्या पायऱ्या शाबूत आणि मधलाच तुकडा गायब असेल तर सुरुंगाची शंका रास्त. पण डोंगराचा अख्खा कडाच वाटेसकट सरकला असेल, तर तिथे इंग्रजांना बोल लावण्यात फक्त आपली सोय आहे. दोनशे वर्षांपूर्वीचा शत्रू सापडला की गेल्या पन्नास वर्षांतल्या दुर्लक्षाचा जाब कुणाला विचारावा लागत नाही.

याच वादाची दुसरी बाजू हरिहरची. जिथे-तिथे सांगितली जाणारी गोष्ट अशी, की पायऱ्यांचं सौंदर्य पाहून इंग्रज अधिकाऱ्याचं मन द्रवलं आणि त्याने त्या राखल्या. १८१८ मध्ये गडाची पाहणी करणाऱ्या कॅप्टनचं वर्णन पुढे १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्ये छापलं गेलं. या चढाच्या भयंकर उभेपणाची शब्दांनी कल्पना देता येणार नाही, सुमारे २०० फूट सरळसोट चढ आहे आणि त्याची तुलना फक्त शिडीशी करता येईल, असा त्याचा आशय आहे. त्यात धास्ती आहे, अचंबा आहे. दयामाया मात्र दिसत नाही. द्रवलेल्या मनाची कथा त्या वर्णनातून निघत नाही, ती आपण मागाहून जोडली असावी. पायऱ्या राहिल्या हे खरं. त्या का राहिल्या याचं गोड कारण नाही सापडलं तरी बिघडत नाही.

त्या पायऱ्यांकडे बारकाईने पाहिलं तर त्या टिकल्या याचं मोल कळतं. प्रत्येक पायरीच्या दोन्ही अंगांना बोटं अडकवायला खोबणी आहेत. कोरणाऱ्याने पायाबरोबर हाताचाही विचार केला होता. वरच्या दरवाजातून गेलं की कातळाच्या कपारीतून वाकून आडवं सरकावं लागतं आणि मग पुन्हा पायऱ्या. एका वेळी एकच माणूस, ही अट मुळात बचावासाठी होती. वर चढणाऱ्या शत्रूला रांगेत यायला लावायचं आणि एकेकाला टिपायचं. आज त्याच अटीमुळे रविवारी दुपारी चढणारे आणि उतरणारे समोरासमोर अडकतात. उतरणारा कातळाकडे तोंड करून पायाने खालची पायरी चाचपत असतो, खाली पन्नास जण ताटकळलेले, आणि पावसाळ्यात वरून पाणी वाहत असतं ते वेगळंच.

ही गर्दी अलीकडची. फार काळ या डोंगरांवर गुराखी, लाकूडफाट्याला जाणारे आणि यात्रेकरू एवढेच जात. ब्रह्मगिरीची पायऱ्यांची वाट आज इतकी सोपी आहे ती किल्ला म्हणून नाही, तीर्थ म्हणून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराचीच्या एका दानशूराने ती बांधवून दिली. म्हणजे एका शतकात वाटा मोडायला पैसा लागला आणि पुढच्या शतकात बांधायला. नंतर गिर्यारोहण मंडळं आली, एसटीने पायथ्याच्या पाड्यापर्यंत जाऊन मुक्काम करणारी पोरं आली. १९८६ मध्ये एका नामवंत ब्रिटिश गिर्यारोहकाने हरिहरचा मागचा सरळ कडा चढून दाखवला. तो आता ‘स्कॉटिश कडा’ म्हणून ओळखला जातो. तोवर हरिहर हे जाणत्यांचं ठिकाण होतं. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ते सगळ्यांचं केलं. खालून वर घेतलेला पायऱ्यांचा एक फोटो हातोहात फिरला आणि निरगुडपाडा, हर्षेवाडी ही पायथ्याच्या पाड्यांची नावं पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. पाड्यांवर पार्किंग, पिठलं-भाकरी, चहा-भजी यांचा धंदा उभा राहिला. चार घरांना चार पैसे मिळू लागले, हे चांगलंच झालं. मग प्रवेशशुल्क आलं, पावसाळ्यात गर्दीवर मर्यादा आल्या, कधी सरसकट बंदीही. बंदी आली की लोक शेजारच्या किल्ल्यावर जातात, जिथे पायऱ्याही नाहीत आणि अडवायला माणूसही नाही.

मोडलेल्या वाटांवर काय करायचं, हा आजचा खरा पेच आहे. राजदेहेर आणि धोडपवर अवघड टप्प्यांना लोखंडी शिड्या लागल्या. काही जुन्या ट्रेकर मंडळींना ते रुचत नाही. लोखंडाने गडाचं रूप बिघडतं, तयारी नसलेले लोक वर पोचतात, कचरा वाढतो, असं त्यांचं म्हणणं. कचऱ्याची तक्रार खरी आहे. पण ‘गडाचं मूळ रूप’ हा मुद्दा टिकत नाही. मूळ रूपात तिथे पायऱ्या होत्या, धान्याची पोती आणि पाण्याच्या पखाली घेऊन माणसं त्यांवरून रोज वर-खाली करत. आज ज्याला थरारक कातळटप्पा म्हणून मिरवलं जातं तो अनेक ठिकाणी सुरुंगाचा उद्योग आहे. तो जपायचा हट्ट धरणं म्हणजे तोडणाऱ्याचाच निर्णय पुढे चालवणं. शिडी लावताना कातळात किती भोकं पाडायची, ती गंजल्यावर कुणी बदलायची, नोंद कुणाकडे, हे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत आणि त्यांवर फारसं कुणी बोलत नाही.

रोपवेचं प्रकरण मात्र या पंगतीत बसवू नये. अंजनेरी आणि ब्रह्मगिरी जोडणाऱ्या रोपवेचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा नाशिकमधून जोरदार विरोध झाला. त्या कड्यांवर गिधाडांची वस्ती आहे आणि अंजनेरीचं नाव मिळालेली सेरोपेजियाची दुर्मीळ वनस्पती याच डोंगरावर आहे. तुटलेल्या दहा-वीस फुटांना शिडी लावणं आणि अख्ख्या डोंगरावर खांब रोवणं, या दोन्हींना ‘पर्यटनसुविधा’ हे एकच नाव देऊन मोकळं होता येत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. नाशिक जिल्ह्यातून त्यात एकटा साल्हेर आहे, १,५६७ मीटर उंचीचा, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. बागलाणातला हा गड नाशिकहून एका दिवसात करणारे आहेत, पण त्यासाठी मध्यरात्रीनंतर निघावं लागतं. वर जायला साल्हेरवाडीकडून एक वाट आहे आणि शेजारच्या सालोटा किल्ल्याच्या खिंडीतून वाघांबेकडची दुसरी. दुसऱ्या वाटेवरच्या कोरीव पायऱ्या आणि एकामागून एक येणारे दरवाजे बऱ्यापैकी शाबूत आहेत. यादीत नाव लागल्यापासून तिथे गाड्या वाढू लागल्या आहेत. शेजारचे मुल्हेर, मोरा आणि हरगड त्या यादीत नाहीत, त्यामुळे तिथल्या पायऱ्यांचं काय करायचं हे अजूनही ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.